वाटाड्या : घरचा कीं मेघांतला?

अमेरिकेंतील कॅन्सस सिटी या शहरीं आल्मन स्ट्राउजर नांवाचे एक गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देण्याचा धंदा करीत. एकोणिसावें शतक संपत आलें होतें, टेलिफोन नुकताच रुळत होता, आणि कोणाचा फोन कोणाकडे जोडावयाचा हें एक्स्चेंजमध्यें बसलेली बाई हातानें ठरवीत असे. आख्यायिका अशी कीं, ही बाई स्ट्राउजर यांच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नी होती. दुःखांत असलेल्या कुटुंबाकडून स्ट्राउजर यांच्यासाठीं फोन आला कीं ती तो न चुकतां आपल्या यजमानांकडे वळवी. आख्यायिकेंत थोडा मीठमसाला असावयाचाच. परंतु मधल्या बाईस वगळून यंत्रानेंच फोन जोडणाऱ्या एक्स्चेंजचें पेटंट स्ट्राउजर यांस १० मार्च १८९१ रोजीं मिळालें, आणि पुढील वर्षीं इंडियाना राज्यांतील ला पोर्ट या गांवीं तसलें एक्स्चेंज चालूं झालें, हा इतिहास आहे.

वाट दाखविणारा आपला असावा कीं परका, हा प्रश्न अशा रीतीनें टेलिफोनच्या बाल्यावस्थेइतका जुना आहे. पुढें मोठमोठ्या कचेऱ्यांनीं आपल्या आवारांतच लहानसें एक्स्चेंज ठेवण्यास आरंभ केला. एका कारकुनानें दुसऱ्याशीं बोलावयाचें तर तो आवाज रस्त्यावर जाण्याचें कारण उरलें नाहीं. १९६० नंतर अमेरिकन टेलिफोन कंपन्यांनीं याच्या उलट सोय पुढें आणली : बोर्ड कंपनीच्या इमारतींत राहील, देखभाल कंपनी करील, कचेरीनें महिन्याचें भाडें तेवढें भरावें. तिचें नांव सेंट्रेक्स. आज बँका, रुग्णालयें, महाविद्यालयें आणि कारखाने यांच्या चालकांपुढें क्लाउड कीं स्वतःचीं यंत्रें असा जो प्रश्न उभा राहतो, तो या जुन्या भांडणाचाच नातू होय. नातवाचा आवांका मात्र आजोबांहून फार मोठा आहे. कारण आतां वाट चुकली तर केवळ संभाषण थांबत नाहीं, दुकानांतील पैसे, दवाखान्यांतील अहवाल आणि संकटांत मारलेली हांकही थांबते.

वाट ठरते कशी, हें प्रथम पाहिलें पाहिजे. पत्र असो, छायाचित्र असो कीं बँकेचा हिशेब असो, इंटरनेटवरून पाठवितांना त्याचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता घातला जातो. वाटेंतील प्रत्येक नाक्यावर एक यंत्र बसलेलें असतें. तें पत्ता वाचतें आणि तुकड्यास पुढच्या नाक्याकडे पिटाळतें. या यंत्रास राउटर म्हणतात. मराठींत त्यास वाटाड्या म्हटलें तर अर्थाची हानि होत नाहीं. एका जाळ्याचे वाटाडे शेजारच्या जाळ्यांतील वाटाड्यांना अमुक अमुक पत्ते आमच्याकडून गांठतां येतात अशी दवंडी देत असतात, आणि या दवंड्यांवरून साऱ्या जगाचा नकाशा क्षणोक्षणीं तयार होत असतो. दवंडीची ही भाषा १९८९ सालीं सिस्को व आय. बी. एम. या कंपन्यांतील दोन अभियंत्यांनीं जेवणाच्या वेळीं हाताशीं सांपडलेल्या कागदी रुमालांवर प्रथम मांडली. तिच्यांत पुढें पुष्कळ भर पडली, तरी पाया तोच आहे. या व्यवस्थेचा एक विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे : दवंडी मागें घेतली गेली कीं तो पत्ता जगाच्या नकाशावरून नाहींसा होतो, मग त्या पत्त्यावरचें यंत्र कितीही धडधाकट असो.

वाटाड्याचीं कामें दोन. आलेला तुकडा पुढें ढकलणें हें एक. आणि कोणत्या तुकड्यानें कोणत्या वाटेनें जावें, कोणास अडवावें, कोणास आधीं सोडावें, याचे नियम ठरविणें हें दुसरें. पहिलें काम जाग्यावरच व्हावें लागतें. म्हणून क्लाउड पत्करणाऱ्या कचेरींतही कोपऱ्यांत एक पेटी राहतेच. ती मुळींच लागणार नाहीं असें सांगणाऱ्या विक्रेत्यास चहा पाजून निरोप द्यावा. दुसरें काम मात्र कोठेंही बसून करतां येतें, आणि खरा वाद त्याचाच आहे.

क्लाउड म्हणजे मेघ खरा, पण त्यांत आकाशांतलें कांहीं नाहीं. दुसऱ्याच्या इमारतींत दुसऱ्याच्या विजेवर चालणारीं दुसऱ्याचीं यंत्रें, एवढाच त्याचा अर्थ. तरी शब्द असा पडला आहे कीं मराठी वाचकास 'मेघदूत' आठवल्यावांचून राहूं नये. रामगिरीवरील यक्षानें (हें स्थान म्हणजे नागपूरजवळचें रामटेक असें पुष्कळ विद्वान मानतात) आपला निरोप मेघाच्या स्वाधीन केला; परंतु अलकेपर्यंतची वाट त्यानें मेघावर सोडली नाहीं. नद्या, पर्वत, विसांव्याचीं ठिकाणें हीं सर्व त्यानें स्वतः सांगितलीं, आणि उज्जयिनीसाठीं वाट वांकडी करण्याची आज्ञाही त्यानेंच दिली. आजचा मेघ निरोप तर नेतोच, शिवाय वाटही मीच ठरवीन म्हणतो.

त्याचें हें म्हणणें उगाच मान्य झालेलें नाहीं. एखादी सहकारी बँक कल्पावी. मुख्य कचेरी पुण्यास, आणि शाखा सातारा, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर अशा ओळीनें. पूर्वी बँकेचे सारे हिशेब पुण्याच्या कचेरींतील यंत्रांवर असत. त्यामुळें प्रत्येक शाखेची वाट पुण्यास जाई, आणि पहारा काय तो पुण्याच्या दारावर ठेवला कीं भागे. पुढें बँकेची टपाल, कर्मचाऱ्यांच्या पगाराचीं कामें, ग्राहकांच्या तक्रारी, एकेक गोष्ट क्लाउडमध्यें गेली. वाटा मात्र जुन्याच राहिल्या. कोल्हापूरच्या कारकुनानें एक पत्र उघडलें तरी तें आधीं पुण्यास जाणार, पुण्याच्या पहाऱ्यांतून बाहेर पडून क्लाउडकडे वळणार, आणि उत्तर त्याच वाटेनें परत येणार. हा द्राविडी प्राणायाम शाखा पांच असतांना खपतो. पन्नास झाल्या कीं पुण्याचें दार तुंबतें. १९६० च्या सेंट्रेक्सप्रमाणेंच येथें क्लाउडवाला पुढें येतो आणि सांगतो : प्रत्येक शाखेंत एक लहान पेटी बसवा, ती जवळच्या शहरांतील आमच्या नाक्याशीं जोडली जाईल, पहारा त्या नाक्यावर होईल, आणि नियम बदलावयाचे तर पुण्यांतील एका माणसानें एका पडद्यावर बदलावे, पन्नास गांवांस अभियंता पाठवावयास नको. २०२० सालीं टाळेबंदी झाली आणि कर्मचारी घरोघर बसून काम करूं लागले, तेव्हां या युक्तिवादाचा जोर सर्वांना पटला. ज्यांचें दार एकच होतें त्यांच्या दाराशीं चेंगराचेंगरी झाली.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणेंही तितकेंच साधें आहे. आपलें यंत्र आपल्या खोलींत, किल्ली आपल्या खिशांत. बिघाड झाला तर आपला माणूस आपल्या डोळ्यांदेखत दुरुस्त करील. दुसऱ्याच्या घरीं आग लागली म्हणून आपली चूल विझणार नाहीं. हें ऐकावयास इतकें भक्कम वाटतें कीं त्याची परीक्षा एका खऱ्या प्रसंगावरच केली पाहिजे. असा प्रसंग ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं घडला.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ती सोमवारची रात्र आठवत असेल. मुंबई-पुण्याकडे नऊ वाजून गेले होते. जेवणें उरकून लोकांनीं हातांत फोन घेतले, आणि व्हॉट्सॲपवर निरोप जाईना. प्रत्येकानें प्रथम आपल्या घरच्या राउटरला दोष दिला, तो बंद करून पुन्हां चालूं केला, आणि मग शेजाऱ्यास विचारलें. व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम हीं तिन्ही एकाच कंपनीचीं. तीं सुमारें सहा तास साऱ्या जगांत बंद होतीं. आपल्याकडे लोक झोंपून गेल्यावर, पहाटेच्या सुमारास, तीं सुरू झालीं.

या कंपनीइतकी स्वावलंबी कंपनी शोधूनही सांपडावयाची नाहीं. तिचीं यंत्रगृहें स्वतःचीं, त्यांना जोडणाऱ्या तारांचें जगभरचें जाळें स्वतःचें, नांवावरून पत्ता सांगणारीं यंत्रेंही स्वतःचींच. त्या दिवशीं नेहमींच्या देखभालीचें काम चालूं असतां, जाळ्याची शक्ति किती शिल्लक आहे हें अजमावण्यासाठीं एक आज्ञा दिली गेली, आणि तिनें जाळ्याच्या सर्व जोडण्या एकदम तोडल्या. अशा घातक आज्ञा अडविण्यासाठीं एक तपासनीस कार्यक्रम ठेवलेला होता. त्यांतच दोष होता, त्यानें ही आज्ञा जाऊं दिली. यापुढें जें घडलें तें अधिक उद्बोधक आहे. नांवावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रांना शिकवण अशी होती कीं, मुख्य यंत्रगृहाशीं संबंध तुटला तर आपणच आजारी आहों असें समजावें आणि आपली दवंडी मागें घ्यावी, म्हणजे लोक दुसऱ्या निरोगी यंत्राकडे जातील. शिकवण उत्तम होती. परंतु त्या दिवशीं सर्वच यंत्रांचा संबंध तुटला होता, म्हणून सर्वांनींच एका वेळीं दवंडी मागें घेतली. यंत्रें चालूं, दिवे लागलेले, आणि जगाच्या नकाशावर कंपनीचा पत्ताच नाहीं!

दुरुस्तीस किती वेळ लागावा? एक चुकलेली आज्ञा उलटवावयाची, काम मिनिटांचें. पण अभियंते आपल्या मेजावरून ज्या वाटेनें यंत्रांपर्यंत जात, ती वाट त्याच जाळ्यांतून जात होती. अशा वेळेसाठीं राखून ठेवलेली वेगळी वाट होती, तीही उपयोगीं पडली नाहीं. बिघाड शोधण्याचीं त्यांचीं नेहमींचीं साधनेंही नांवावरून पत्ता सांगणाऱ्या त्याच यंत्रांवर अवलंबून होतीं. अखेर माणसें प्रत्यक्ष यंत्रगृहांकडे धाडावीं लागलीं. तेथें आंत शिरणें सोपें नव्हतें, आणि आंत गेल्यावर यंत्रास हात घालणें त्याहूनही अवघड होतें, कारण चोरानें येऊन कांहीं बदलूं नये अशी तीं यंत्रें मुद्दाम बनविलेलीं होतीं. कंपनीनें पुढें जें निवेदन प्रसिद्ध केलें त्यांत याविषयीं पश्चात्ताप नाहीं. रोजच्या रोज अधिक सुरक्षितता मिळत असेल तर क्वचित् येणाऱ्या अशा प्रसंगीं दुरुस्तीस थोडा उशीर लागला तरी तो सौदा पत्करण्यासारखा आहे, असाच तिचा अभिप्राय होता. हा अभिप्राय प्रामाणिक आहे. तो निरोपांची ने-आण करणाऱ्या कंपनीस शोभतो; रुग्णालयास शोभेल कीं नाहीं हा वेगळा प्रश्न.

येवढ्यावरून स्वतःचीं यंत्रें वाईट ठरत नाहींत. किल्ली स्वतःची होती, ती घरांत ठेवून दार ओढून घेतलें गेलें, इतकाच या हकीकतीचा सारांश. ही चूक एकाच कंपनीची नव्हे. कॅनडांत ८ जुलै २०२२ रोजीं पहाटे पावणेपांच वाजतां रॉजर्स या टेलिफोन कंपनीच्या जाळ्यांत सात टप्प्यांच्या सुधारणेपैकीं सहावा टप्पा चालूं होता. आधींचे पांच टप्पे सुरळीत पार पडले होते, म्हणून या कामांतील धोका मोठा होता तो लहान असें कागदोपत्रीं ठरविण्यांत आलें होतें. कचेऱ्यांतील माणसांस हें मनोगत फार ओळखीचें वाटेल. एका नियमाची चाळणी काढली गेली आणि बाहेरच्या दवंड्यांचा लोंढा मुख्य वाटाड्यांवर येऊन आदळला. कांहीं मिनिटांत ते कोलमडले. सव्वा कोटीच्या घरांत ग्राहक, आणि घरांतील तार व खिशांतील फोन या दोहोंचा गाभा एकच. तेव्हां दोन्ही एकदम गेले. दुकानांतून कार्डानें पैसे देतां येईनात. टोरांटोंतील एका प्रसिद्ध गायकाचा जलसा ऐन वेळीं पुढें ढकलावा लागला. ज्या क्रीडागृहांत तो व्हावयाचा होता त्याचें नांवही रॉजर्स सेंटर.

जलसा पुढें ढकलतां येतो. तातडीच्या मदतीसाठीं ९११ या क्रमांकावर केलेला फोन पुढें ढकलतां येत नाहीं. फोनला स्वतःच्या कंपनीचा मनोरा दिसेनासा झाला तर तो आणीबाणीच्या हांकेसाठीं दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्याचा आश्रय घेतो. परंतु येथें मनोरे जिवंत होते, त्यांच्या पाठीमागचें जाळें तेवढें मेलेलें होतें. बिचारा फोन आपल्या मनोऱ्यास चिकटून राही आणि हांक पुढें जात नसे. इकडे दुरुस्त करणाऱ्यांची गत अशी कीं, यंत्रांवर देखरेख करण्याची वाट त्याच गाभ्यांतून जात होती, आणि एकमेकांशीं बोलावयाचे त्यांचे फोनही त्याच कंपनीचे होते. यंत्रांनीं लिहून ठेवलेल्या नोंदी हातीं लागेपर्यंत, म्हणजे बिघाडाचें खरें कारण कळेपर्यंत, चौदा तास गेले. त्यानंतर कंपनीनें देखरेखीची वाट मुख्य जाळ्यापासून वेगळी केली आणि तार व फोन यांचे गाभेही वेगळे करण्याचें ठरविलें. पुढील वर्षीं, ८ नोव्हेंबर २०२३ रोजीं, ऑस्ट्रेलियांतील ऑप्टस या कंपनीचे वाटाडे असेच दवंड्यांच्या लोंढ्यानें बंद पडले. त्या दिवशीं २,१४५ माणसांस तातडीच्या मदतीचा फोन लागूं शकला नाहीं.

आतां मेघाकडे वळावें. क्लाउडफ्लेअर ही कंपनी संकेतस्थळांच्या व कचेऱ्यांच्या दाराशीं उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करते व त्यांस वाट दाखविते. १८ नोव्हेंबर २०२५ रोजीं, भारतांत दुपारचे चार वाजून पन्नास मिनिटें झालीं असतां, ती पहारा देतांना लटपटूं लागली. कारण ऐकून हंसूं यावें. खरा पाहुणा कोण आणि यंत्रानें पाठविलेला तोतया कोण हें ओळखण्यासाठीं खुणांची एक यादी दर पांच मिनिटांनीं नवी तयार होऊन जगभरच्या पहारेकऱ्यांना पाठविली जाई. एका माहितीकोठाराचे अधिकार बदलल्यामुळें त्या यादींत त्याच त्याच खुणा पुन्हां पुन्हां लिहिल्या जाऊं लागल्या. दोनशेंपेक्षां अधिक खुणा येतील ही कल्पनाच पहारेकऱ्यांस नव्हती. यादी लांबली तशी त्यांनीं मानच टाकली. प्रारंभीं एक यादी बरोबर, दुसरी चूक, असा प्रकार चालल्यामुळें जाळें पडे, उठे आणि पुन्हां पडे, आणि हा शत्रूचाच हल्ला असावा असा कंपनीस संशय आला. सुमारें तीन तासांनीं वाहतूक बव्हंशीं सुरळीत झाली. पूर्ववत् स्थिति येण्यास रात्रीचे साडेदहा होऊन गेले.

येथें ग्राहकाचा दोष कोणताच नव्हता, आणि त्याच्या हातीं उपायही नव्हता. क्लाउडविरुद्ध जो आक्षेप घेतला जातो तो हाच. पण या हकीकतींतील बारीकशी एक बाब त्याहून महत्त्वाची आहे. कांहीं ग्राहकांनीं असें ठरविलें कीं, हा पहारेकरी आजारी आहे तर घटकाभर त्यास बाजूस सारून पाहुण्यांना थेट आपल्या दारीं येऊं द्यावें. त्यासाठीं कंपनीच्या नियंत्रण-पडद्यावर जाऊन एक नियम बदलावा लागे. त्या पडद्यावर प्रवेश करतांना येणारा माणूसच आहे याची खात्री करून घेणारी सोय होती, आणि ती सोय त्याच बिघाडांत बंद पडली होती. बहुतेकांस आंत जातां येईना. फेसबुकच्या अभियंत्यांची आणि या ग्राहकांची अवस्था एकच झाली. यंत्रें एकाचीं स्वतःचीं होतीं, दुसऱ्याचीं परक्याचीं; किल्ली मात्र दोघांचीही बंद घरांतच राहिली.

म्हणून कचेरीच्या चालकानें विक्रेत्यास विचारावयाचा पहिला प्रश्न यंत्र कोठें राहील हा नव्हे. यंत्र बंद पडलें असतां तें बंद पडलेल्या वाटेवांचून दुसऱ्या कोणत्या वाटेनें गांठतां येईल, हा तो प्रश्न. याचें उत्तर आकृति काढून मागावें. तोंडी आश्वासनावर राहूं नये. दोन कंपन्यांच्या दोन तारा घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या असें समजणारे चालक पुष्कळ असतात. रस्त्याखालीं त्या दोन्ही तारा एकाच चरांतून गेलेल्या असल्या तर पावसाळ्यांतील एकच कुदळ दोहोंचा निकाल लावते.

दुसरा प्रश्न असा : मेघाशीं संबंध तुटला तर शाखेंतील पेटी काय करील? चांगली पेटी शेवटीं मिळालेल्या नियमांवर आपलें काम चालूं ठेवते. नियम बदलतां येत नाहींत, पण वाहतूक थांबत नाहीं. ही मुदत किती, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. ९ मे २०२३ रोजीं सिस्को कंपनीच्या कांहीं नमुन्यांच्या राउटरांत कारखान्यांतच बसविलेलें ओळखपत्र मुदत संपून निकामी झालें. त्या पेट्यांस आपला नियंत्रक ओळखीना. ज्या चालूं होत्या त्या मुदत असेपर्यंत चालत राहिल्या; म्हणून कंपनीस आपल्या ग्राहकांना विनवावें लागलें कीं, पेटी बंद करून पुन्हां चालूं करूं नका. यंत्र बिघडलें कीं तें बंद करून चालूं करणें हा आपल्या सर्वांचा पहिला उपाय. नेमका तोच त्या दिवशीं घातक होता.

अंतराविषयींची भीति बहुधा निराधार असते. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटर जाऊन परत येण्यास एका सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. टेलिफोनवरील बोलणें सुखकर वाटावें यासाठीं एका बाजूची दिरंगाई दीडशें मिलिसेकंदांच्या आंत असावी, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. त्यापुढें हें काहींच नव्हे. पुण्यांत मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं आणि मुंबईंत ॲमेझॉननें २०१६ सालीं आपलीं यंत्रगृहें उघडल्यापासून मेघ तसा दाराशींच आला आहे. तथापि जवळचा नाका परदेशांत असेल तर सावध राहावें. सप्टेंबर २०२५ मध्यें तांबड्या समुद्रांत जेद्द्याजवळ मुंबईस येणाऱ्या दोन सागरी तारा तुटल्या, तेव्हां भारतांतही कित्येकांची वाहतूक मंदावली आणि मायक्रोसॉफ्टला आपली वाहतूक लांबच्या वाटेनें फिरवावी लागली.

कायद्याच्या बाबतींत निवड पुष्कळशी आधींच होऊन गेलेली असते. पैशांच्या देवघेवीची माहिती भारतांतच ठेवावी असा रिझर्व्ह बँकेचा ६ एप्रिल २०१८ चा आदेश आहे. आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या, घातपात झाल्यास सहा तासांत कळवावें, अशी सरकारच्या सायबर-सुरक्षा विभागाची २८ एप्रिल २०२२ ची आज्ञा आहे. खर्चाचें गणित तर ज्याचें त्यानें मांडावें. मेघांत माल आंत नेण्यास सामान्यतः पैसे पडत नाहींत, बाहेर काढण्यास पडतात, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पहिल्या वर्षाचें बिल पाहून हुरळून जाण्याचें कारण नाहीं.

मग निवड कोणी कशी करावी? ज्या कचेरींत रात्रीं दोन वाजतां उठून येणारा जाणता माणूस नाहीं, तिनें स्वतःचें यंत्र घेऊन मिरविण्यांत अर्थ नाहीं. बिघडलेलें स्वतःचें यंत्र हें परक्याच्या यंत्राहून अधिक परकें असतें. अशा कचेरीनें क्लाउड पत्करावा. रुग्णालयाची गोष्ट निराळी. दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेंतून रक्ताचा अहवाल तिसऱ्या मजल्यावरील अतिदक्षता विभागांत जावयाचा आहे. सर्व वाटा मेघानें ठरवावयाच्या असें मान्य केलें, तर हा अहवाल इमारतीबाहेर पडून, शहर ओलांडून, पहारेकऱ्यास दाखवून पुन्हां त्याच इमारतींत येण्याचा संभव असतो. आणि बाहेरची तार तुटली तर एका मजल्याचें अंतर काटण्यास शिपाई धांवावा लागतो. ज्या वाटेचीं दोन्ही टोंकें एका छपराखालीं आहेत तिचा निर्णय त्या छपराखालींच व्हावा. अग्निशमन दल, पाणीपुरवठा, वीजकेंद्र यांनाही हाच न्याय लावावा. बाहेर जाणाऱ्या वाटा मेघावर सोपविण्यास मग हरकत नाहीं.

घरांतही या वादाची एक लहान आवृत्ति आहे. हल्लीं मिळणारे कांहीं राउटर असे असतात कीं, त्यांची मांडणी बदलण्यासाठीं कंपनीच्या क्लाउडवर जाऊन सही करावी लागते. म्हणजे इंटरनेट बंद पडलें असतां तें दुरुस्त करण्यासाठीं इंटरनेट लागतें. घरांतून थेट उघडतां येईल असें नियंत्रणाचें पान ज्यांत आहे तो राउटर घ्यावा, आणि खिशांतील फोनची कंपनी व घरांतील तारेची कंपनी शक्य तों एक असूं नये. दोन्ही एकाच कंपनीकडून घेतल्यास सवलत मिळते हें खरें. कॅनडांतील पुष्कळ घरांनीं ती घेतलेली होती.

वर कल्पिलेल्या सहकारी बँकेस शहाणा सल्लागार भेटला तर तो साधारणपणें असें करील. पुण्याच्या मुख्य कचेरींत बँकेचे स्वतःचे दोन वाटाडे ठेवील, आणि ते एका खोलींत ठेवणार नाहीं. शाखांतील पेट्या क्लाउडवर सोपवील, परंतु प्रत्येक पेटींत तारेच्या कंपनीहून निराळ्या कंपनीचें एक सिमकार्ड घालील, ज्याच्या वाटेनें नियंत्रक बंद असतांही पेटी गांठतां येईल. वर्षांतून एकदां, रविवारीं सकाळीं, कोणास न सांगतां तो एका शाखेची मुख्य तार उपसून ठेवील आणि घड्याळ पाहत बसेल. आणि शाखाधिकाऱ्याच्या खणांत तो एक कागद ठेवील, ज्यावर पेटीच्या परवलीसाठीं कोणास विचारावें, तारेच्या कंपनींत कोणास उठवावें, हे दूरध्वनि-क्रमांक शाईनें लिहिलेले असतील. तो कागद दर सहा महिन्यांनीं नवा लिहावा लागतो, कारण त्यांतील एखादे गृहस्थ तोंवर नोकरी सोडून गेलेले असतात.